घोडेबाजाराला निघताय? घोड्याच्या जिवावर बेतणाऱ्या या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातला घोडेवाला दोन ठिकाणी हमखास भेटतो: येवल्याच्या बाजारात आणि दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत. बाजारात घोड्याचे हाल म्हटलं की लोकांना शर्यत नाहीतर ढोलापुढचा नाच आठवतो. त्याकडे लक्ष हवंच. पण माझ्या मते घोडा जास्त खचतो तो टेम्पोत आणि दावणीला, जिथे बघायला कुणी गर्दी करत नाही.

टेम्पोत चढवण्याआधीच्या चुका

"लांबचा रस्ता आहे, पोटभर खाऊ दे" म्हणून निघताना तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) भरून हरभरा देणं ही पहिली चूक. घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी असतं. एकदम दाणा, त्यात पाणी कमी आणि पाच-सहा तास एका जागी उभं राहणं, यातून पोटदुखी उद्भवते. निघण्याआधी चार-पाच तास दाणा बंद ठेवा. सुकं गवत चालेल, पाणी शेवटपर्यंत द्या.

दुसरी चूक मान वर खेचून आखूड बांधण्याची. मान खाली करता आली तरच घोड्याच्या श्वासनलिकेतली घाण बाहेर पडते. तासन् तास डोकं वरच राहिलं तर ती छातीत उतरते आणि दोन-तीन दिवसांनी ताप, खोकला, न्यूमोनिया. मग दोष दिला जातो सारंगखेड्याच्या थंडीला. नाशिकहून धुळ्याकडे जाताना राहुड घाट उतरला की गाडी सावलीत लावा, दोर सैल करा, मान खाली घेऊ द्या, पाणी दाखवा. धुळ्याच्या आसपास पुन्हा एकदा थांबा. गाडीच्या पत्र्यावर वाळू किंवा जाड पेंढा हवाच; ओल्या पत्र्यावर नाल घसरते आणि घाटातल्या एका ब्रेकला घोडा गुडघ्यावर येतो.

"पाणी पीत नाही, तहान नसेल"

मोठ्या घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. परक्या जागेच्या पाण्याला वास वेगळा येतो म्हणून तो तोंड लावत नाही. घरची बादली न्या, जमलं तर एक-दोन कॅन घरचं पाणीही. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही, तर घोड्याला पाणी कमी पडलंय. हिरडीवर बोट दाबा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा.

बाजारातल्या सामाईक हौदावर मात्र नेऊ नका. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग नाकातल्या स्रावातून, उष्ट्या पाण्या-चाऱ्यातून पसरतो. त्यावर लस नाही, आणि रोग पक्का झालेला घोडा कायद्याने मारावाच लागतो. तो माणसालाही होतो. नाकातून घट्ट पिवळट शेंबूड, पायावर किंवा अंगावर गाठी-फोड दिसलेल्या घोड्याशेजारी दावण टाकू नका, पशुवैद्यकाला लगेच कळवा. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. निघण्याआधी तपासणीचा दाखला हातात असावा.

पोट दुखायला लागलं की होणारी घाई

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे बघतो, वरचा ओठ उचलतो, खाली बसतो, लोळतो, घामाने भिजतो. लीद बंद होते. अशा वेळी शेजारचा जाणता बांबूची नळी घेऊन येतो आणि तेल, तूप, काढा ओतायला सांगतो. हे करू देऊ नका. डोकं वर धरून ओतलेलं तेल श्वासनलिकेतून थेट फुप्फुसात जाऊ शकतं. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वर येत नाही आणि पोट फुगून फाटण्याचा धोका असतो.

चारा-दाणा लगेच बाजूला करा. आपटून लागणार नाही अशा मऊ जागी न्या. लोळत असेल तर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा, दमवू नका. शेवटची लीद कधी टाकली ते लक्षात ठेवा, डॉक्टर तेच आधी विचारतात. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली तर वाट बघण्यात अर्थ नाही. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

दावण आणि लगाम

अगाडी-पिछाडी, म्हणजे घोड्याला पुढून-मागून बांधायचे दोर, दिवसभर ताणून ठेवू नका. नायलॉनचा दोर खुराच्या वर कातडीत रुततो, आणि घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. रुंद सुती पट्टा वापरा, धनुर्वाताची लस वेळेवर द्या, सकाळ-संध्याकाळ सोडून फिरवा. दौडीनंतर घामेजलेल्या घोड्याला वाऱ्यावर उभं करू नका. आधी सावकाश चालवा, अंग पुसा, मग झूल टाका.

काटेरी लगामाबद्दल मी ठाम आहे: तो कुणी वापरूच नये. १९६५ च्या केंद्रीय नियमांनीही तो बेकायदा ठरवलाय. लगाम ओढला की घोडा तोंड उघडून मान उडवतो. लोक त्याला रुबाब म्हणतात, पण तोंडाच्या कोपऱ्यातले व्रण बोटाने ओठ बाजूला सारून बघा.

घेणाऱ्यांच्या चुका

देवमन (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा) बघितलं, पंचकल्याण (चारही पाय आणि कपाळ पांढरं) बघितलं, दात मोजले आणि सौदा केला, असं करू नका. कडक जमिनीवर सरळ दुडक्या चालीने पळवून बघा. चालताना मान एका पायावर वर उडत असेल, तर तो पाय दुखतोय. खुरांना हात लावा, एक खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागतंय का बघा. वेदनाशामक इंजेक्शन दिलं असेल तर आज काही दिसणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पुन्हा जा. सहा महिन्यांच्या आतलं शिंगरू आईपासून तोडून विकत असतील तर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

सौदा झाला की रातोरात गाडी भरू नका. घोड्याला एक रात्र विसावा द्या, विकणाऱ्याकडून चार-पाच दिवसांचा त्याच्या सवयीचा चारा मागून घ्या आणि नवा चारा त्यात हळूहळू मिसळा. घरी आल्यावर निदान तीन आठवडे जुन्या घोड्यांपासून लांब बांधा. बादली, खरारा (अंग घासायचा ब्रश), झूल, सगळं वेगळं ठेवा.