साठ पोरांच्या वर्गाशी नातं जमवायचं कसं, आणि त्याने मार्क वाढतात का

यंदा पहिल्यांदाच वर्गशिक्षक झालात, नववीचा वर्ग मिळालाय, पट साठच्या आसपास आणि वर गणितही तुमच्याकडेच, अशा लोकांसाठी हे लिहितेय. दुसरा विषय असेल तर गणिताच्या जागी तो घालून वाचा, फार काही बिघडत नाही.

"विद्यार्थ्यांशी नातं" म्हटलं की ट्रेनिंगमध्ये लगेच टाळ्या, गाणी, गोलात बसून खेळ सुरू होतात. असू दे, वाईट नाही ते. पण नववीच्या पोराला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात, या बाईंना मी दिसतो का, आणि मला हे जमेल असं त्यांना खरंच वाटतं का. 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 99 अभ्यास एकत्र करून बघितले तर शिक्षकांशी नातं चांगलं असलं की मुलांचा वर्गातला सहभाग चांगलाच जास्त दिसला, मार्कांशी असलेला संबंध मात्र त्यापेक्षा कमी निघाला. माझा अर्थ असा की नात्याने थेट मार्क येत नाहीत, नात्याने पोरगं प्रश्न विचारायला लागतं, चुकलेलं परत करून बघतं, वही पूर्ण ठेवतं, आणि मग मार्क येतात. ही मधली पायरी गाळली की काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल, सर सगळ्यांचे लाडके आणि निम्मा वर्ग त्यांच्याच विषयात नापास.

तर जूनपासून सुरुवात करू.

आधी नावं. रोल नंबरने हाक मारायची सवय असेल तर सोडा. बेंचप्रमाणे चौकटी आखलेला एक कागद करा, प्रत्येक चौकटीत नाव, आणि टेबलावर हजेरीपटाच्या आत ठेवा, पहिले दोन आठवडे बघून बघून हाक मारा, पोरांना त्याचं काही वाटत नाही उलट बाई पाठ करतायत याची मजा वाटते. नाव विचाराल, आडनावावरून "म्हणजे तुम्ही कोण" हे विचारू नका. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. उत्तर प्रदेशात खेड्यातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती, कागदावर वाट शोधायची तशी. जात कोणाला माहीत नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांची कामगिरी जवळपास सारखी, आणि सगळ्यांसमोर नाव-जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, कोडी तशीच. त्यामुळे स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे असतील तेव्हा भर वर्गात "एससी-एसटीवाले उभे राहा" करू नका प्लीज, नावांची यादी काढून मधल्या सुट्टीत एकेकाला बोलवा, पाच मिनिटं जास्त जातील.

याच्याच जोडीला पेपर तपासायची एक सवय लावून घ्या. भारतातच झालेल्या एका प्रयोगात पेपरच्या मुखपृष्ठावर मुलांची माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही वाटून दिली होती, तरी खालच्या मानलेल्या जातीचं नाव असलेल्या पेपरांना थोडे कमी मार्क पडले. फरक छोटाच होता, पण मुद्दाम कोणी केलं नसेल तरी झालाच ना. म्हणून सगळ्या गठ्ठ्याचं पहिलं पान मागे दुमडायचं, आणि आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासायचा, मग सगळ्यांचा दुसरा. "हा हुशार आहे, लिहायचं राहिलं असेल" आणि "हा काय लिहिणार" हे दोन्ही आपोआप कमी होतं. शिवाय काम पण लवकर होतं, करून बघा.

स्टाफरूममध्ये जुने लोक यादी हातात घेऊन सांगतील, हा चांगला, हिचं घरचं ठीक नाही, तो? त्याला सोडून द्या. ऐकून घ्या, मान डोलवा, पण लिहून ठेवू नका. 1960 च्या दशकात अमेरिकेत शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन ही यंदा चमकणार असं खोटंच सांगितलं होतं, नावं नुसती चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी, आणि वर्षअखेरीला पहिली-दुसरीतली ती मुलं खरंच पुढे गेलेली दिसली. नंतरच्या प्रयोगांत परिणाम इतका मोठा येत नाही, त्यावर वाद पण भरपूर झाले, तरी आपण कोणाकडे किती वेळ बघतो हे त्या यादीने ठरतं एवढं तर कुठल्याही वर्गात मागे बसून दिसतं.

आता प्रश्न विचारणं. आपण प्रश्न टाकतो आणि उत्तरासाठी थांबतो किती? मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने टेप लावून मोजलं तर साधारण एक सेकंद. तोच वेळ तीन सेकंद केला तर उत्तरं लांब यायला लागली, जास्त मुलं बोलायला लागली, "माहीत नाही" कमी झालं. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही पण फळ्यासमोर उभं असताना ते फार लांब वाटतात, आणि पुढचे तिघं हात वर करून "बाई मी, बाई मी" करत असतात. त्यांना सांगून टाका, आज हात वर नाही. प्रश्न द्या, सगळ्यांनी कच्च्या वहीत करायचं, तुम्ही बेंचांमधून फिरा, आणि मागच्या ज्याचं बरोबर आलंय त्याच्या कानात सांगा, तुझं बरोबर आहे, मी विचारेन तेव्हा तू सांग. तो उभा राहील तेव्हा त्याला माहितीये की फजिती होणार नाही. "काय रे तू, तुला तरी येतं का" म्हणून उठवलेलं पोरगं आणि हे पोरगं, दोघांचा पुढचा महिना वेगळा जातो.

सगळ्यात जास्त नातं वहीत तयार होतं असं माझं मत आहे, आणि आपण तिथेच सही मारून मोकळे होतो. साठ वह्या रोज कोणी तपासू शकत नाही, मान्य. रोज एका रांगेच्या घ्या, दहा-बारा होतात, आठवड्यात सगळा वर्ग फिरतो. "छान", "अक्षर सुधारा" याने काही होत नाही. एक चूक नेमकी दाखवा आणि एक गोष्ट बरोबर असलेली दाखवा, उदाहरणार्थ "पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना चिन्ह बदलायला विसरतोस, बाकी मांडणी पक्की आहे, हीच दोन गणितं उद्या परत करून आण." आणि दुसऱ्या दिवशी ती दोन गणितं आठवणीने मागा, नाही मागितली तर सगळं फुकट. 2014 मध्ये छापून आलेला एक अमेरिकन प्रयोग आहे, सातवीच्या मुलांचे निबंध दुरुस्त्या करून परत दिले, अर्ध्यांच्या निबंधावर एक चिठ्ठी होती की माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू तिथवर पोचशील हे मला माहीत आहे म्हणून मी या खुणा केल्यात. उरलेल्यांच्या निबंधावर नुसती साधी चिठ्ठी. ज्या कृष्णवर्णीय मुलांना ही साधी चिठ्ठी गेली त्यांच्यापैकी 17 टक्क्यांनी निबंध सुधारून दिला, अपेक्षावाली चिठ्ठी गेली त्यांच्यातल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास मुलांनी. फक्त लक्षात घ्या, तिथे चिठ्ठीच्या आधी खऱ्या दुरुस्त्या होत्या. नुसतं "तू करू शकतोस" लिहिलं तर नववीतली पोरं हसतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

वर्गात दोन-तीन जणांशी खटके उडणारच. अशा एकाला निवडा, एकाच वेळी सगळ्यांना नको, आणि रोज दोन मिनिटं असं दहा दिवस त्याच्याशी अभ्यास सोडून बोला. नळापाशी, जिन्यात, मैदानावर, मुद्दाम बोलावून नाही. मॅच कोण जिंकलं, म्हैस व्यायली का, गाडी कोणती आवडते. पहिले तीन दिवस तो "हं", "माहीत नाही" एवढंच बोलेल, बोलू दे. ओरडायचं असेल तर बाजूला घेऊन, चार पोरींसमोर तर अजिबात नाही. आणि एक बघा, बेंच उचलणं, सामान आणणं ही कामं मागच्यांना आणि फळ्यावर गणित सोडवणं पुढच्यांना अशी वाटणी आपल्याकडे नकळत झालेली असते, ती उलटी करा. मारणं तर बंदच, आरटीईच्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबर मानसिक त्रासही बंद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी भीतीने पोरगं चूक लपवायला शिकतं, उत्तर कॉपी करतं, आणि चूक दिसलीच नाही तर गणित शिकवणार कशावरून?

बीड, अहिल्यानगरकडे किंवा ऊसतोडीवाल्या कुठल्याही भागात शिकवत असाल तर दिवाळीच्या सुमारास काही पोरं आईबापाबरोबर जातात आणि कारखाने बंद झाल्यावर परत येतात. जायच्या आधी घरातला एक चालू मोबाईल नंबर घ्या, वर्गातला एक मित्र नेमून द्या जो वहीचे फोटो पाठवेल. परत आल्यावर "उगवलास का" असं स्वागत करू नका, तो फडावर फिरायला गेला नव्हता. मागचं सगळं भरून काढायला लावू नका, पुढचा धडा कळायला जेवढं लागतं तेवढंच आधी.

पालकांना पहिला फोन चांगल्या कारणासाठी करा. बस, एवढंच, नंतर तक्रारीचा फोन केलात तरी ऐकून घेतात.

आणि मर्यादा पाळा. वर्गाचा ग्रुप असेल तर सगळं ग्रुपवरच, रात्री एकेकट्याशी चॅट नाही. मुलाशी एकटं बोलायचं तर दार उघडं. स्वतःच्याच वर्गातल्या पोरांची ट्यूशन घेऊ नका, आरटीईमध्ये शिक्षकांना खासगी शिकवणीला बंदी आहेच, पण त्याहून म्हणजे उरलेल्या पोरांना कळतं की बाईंचं प्रेम फीवर चालतं.

चालतंय का हे कसं ओळखायचं? पहिल्या घटक चाचणीआधी यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे मार्क सोडून एक गोष्ट लिहा जी तुम्हाला माहीत आहे. हुशार आणि दंगेखोर दोघांच्या पुढे पटापट येईल. मोकळी राहतील ती मधली, चाळीस-पन्नास टक्केवाली, त्यातही गप्प बसणाऱ्या मुली जास्त. पुढचे पंधरा दिवस त्याच तुमच्या. मग सत्र परीक्षेचे पेपर आले की एकूण मार्कांआधी कोरे सोडलेले प्रश्न मोजा आणि घटक चाचणीशी ताडून बघा. पेपरची लांबी वेगळी असते म्हणून हिशेब अंदाजानेच, पण जे पोरगं आधी निम्मा पेपर कोरा द्यायचं ते चुकीचं का होईना लिहायला लागलं असेल तर तुमचं जमतंय. मार्क बहुतेक दुसऱ्या सत्रात हलतात, तोवर मुख्याध्यापक रिझल्ट विचारतील तेव्हा हाच आकडा दाखवा.