सोलापुरात गाडी आणताय? आधी विम्याची तारीख बघा

बीदरहून सोलापुरात येऊन मला चौदा वर्षं झाली. पाणी किती दिवसांनी येतं, खोली कुठं स्वस्त मिळते हे शेजारी सांगतील. मी विचारतो ते एवढंच: गाडीचा विमा कधी संपतोय?

आलो त्याच वर्षी जुनी मोटरसायकल घेतली. विकणारा म्हणाला, "विमा चालू आहे." कागद घडी घालून आरसी बुकात ठेवलेला, मी उघडलाही नाही. सात रस्त्यावर हवालदारांनी तो उलगडला आणि तारखेवर बोट ठेवलं. मुदत महिन्यापूर्वीच संपली होती.

तेव्हा मोटार वाहन कायद्यात बिनविम्याच्या गाडीला दंड हजारापर्यंत होता. 2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 2,000 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड 4,000. गाडी तुमची आणि चालवणारा रूम पार्टनर असला, तरी बिनविम्याची गाडी चालवू दिली म्हणून तुम्हीही कलम 196 मध्ये येता. "जरा गाडी दे, स्टेशनला जाऊन येतो" म्हटलं की आपण किल्ली देऊन टाकतो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

दंड भरून सुटता येतं. अपघातात कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर सुटता येत नाही. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा असेल तर भरपाई कंपनी देते. नसेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ती चालक आणि मालकावर टाकतं. पैसे भरले नाहीत तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. ही रक्कम लाखांत जाते, आणि आपल्यासारख्या पगारदाराची गावाकडची जमीनसुद्धा त्यात जाऊ शकते.

जुनी गाडी घेताना विसार देण्याआधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाका, विम्याची मुदत तिथं दिसते. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसीवरचं नाव बदलायला अर्ज द्या. नवी गाडी घेतली असेल तर दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा आणि कारचा तीन वर्षांचा असतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा वर्षाचाच, तो वेगळा बघा.

कर्नाटक पासिंगची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं राहणार असेल, तर एमएच-13 नंबरासाठी आरटीओत अर्ज करावा लागतो. नवा नंबर मिळाला की तो पॉलिसीवर चढवून घ्या.