मुक्काम रत्नागिरीत, हातात पंचांग

मी मूळची घाटावरची. लग्न होऊन रत्नागिरीत आले त्याला ३१ वर्षं झाली. माहेरचे पाहुणे मात्र अजून तसेच येतात. पहिल्या दिवशी गणपतीपुळे, दुसऱ्या दिवशी पावस, रोज नवीन लॉज, रोज बॅगा भरा आणि सोडा. घरी गेल्यावर काय पाहिलंत म्हणून विचारावं तर सांगतात, "समुद्र." म्हणून आता ते निघायच्या आधीच फोनवर बजावते: चार रात्री शहरात एकाच ठिकाणी राहा, आणि रोजचा दिवस भरती-ओहोटी बघून लावा.

ते कसं, तर पंचांगातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे एकादशीला भरती साधारण सव्वाआठला, सकाळीही आणि रात्रीही. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी वरही खूप येतं आणि आतही खूप जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी, तेव्हा समुद्र मवाळ.

हे आमच्या भाच्याला पटलं नव्हतं. पौर्णिमेला सकाळी नऊ वाजता भाट्याच्या वाळूत गाडी घेऊन गेला, फोटोसाठी. चाकं रुतली आणि पाणी चढायला लागलं. कोळीवाड्यातल्या दहा-बारा पोरांनी ढकलून बाहेर काढली म्हणून वाचली. वाळूत गाडी घालू नका, आणि ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नका. बाहेर जाणारं पाणी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. ओहोटी चालायला आणि खडकांतली डबकी बघायला.

आता मला सगळ्यात प्रिय जागा, सडे. समुद्रावरून वर चढलात की जांभ्याचा सपाट कातळ लागतो, त्याला इथे सडा म्हणतात. उन्हाळ्यात भाजलेल्या तव्यासारखा दिसतो, आणि याच कातळावर कोणी कोण जाणे कधी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. ती किती जुनी यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीचा हत्ती बघाच. कोकण रेल्वेच्या उक्षी स्टेशनचंच हे गाव. देऊडला गेंडा आहे. गेंडा, कोकणात! काशेळीचा हत्ती राजापूर तालुक्यात पडतो, पण तो इतका मोठा आहे की त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत.

इथे भरतीचा हिशेब लागत नाही, उन्हाचा लागतो. रेषा उथळ आहेत. भर दुपारी गेलात तर नुसता तांबडा दगड दिसेल. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, तिरप्या उन्हात, सावली पडून चित्र उठतं. गावातला माणूस सोबत घ्या, नाहीतर चित्रावरच उभं राहून चित्र कुठे म्हणून शोधत बसाल. खडूने रेषा गिरवू नका. रेषेवर पायही नको.

दुपार शहराला द्यायची. १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं त्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इथे आणून ठेवलं होतं. राजवाडा बांधून तो त्यात राहायला आला १९१० मध्ये, आणि सहाच वर्षांत गेला. वरच्या मजल्यावरून खाडी बघताना त्याला काय वाटत असेल, हा विचार मला दरवेळी येतो. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. भागोजीशेठ कीर आणि सावरकरांचं १९३१ चं पतितपावन मंदिर चालत जाण्याजोगं आहे. संध्याकाळी रत्नदुर्ग. किल्ल्याच्या एका बाजूला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या बाजूला 'पांढरा समुद्र' म्हणतात तो पांढऱ्या वाळूचा किनारा, दोन्ही एकाच फेरीत होतात.

एक दिवस दक्षिणेला: पावस, मग मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगड, आणि खाडीपलीकडे गावखडीचा किनारा. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात. पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात, म्हणून ती बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्च बरा. आधी चौकशी करून निघा. पिल्लं कोणाच्या सुट्टीसाठी थांबत नाहीत. फ्लॅश मारायचा नाही.

उत्तरेला आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे आणि पुढे मालगुंडचं केशवसुत स्मारक. याबद्दल सगळेच सांगतात, मी नाही सांगत.

कधी यावं? मे महिना फक्त आंब्यासाठी, घामाची तयारी ठेवून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, आणि ती नाचवताना बघायला मिळाली तर देवळांची यादी बाजूला ठेवली तरी चालेल. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर. त्याच सड्यावर तेव्हा पाणी झिरपत असतं आणि सीतेची आसवं फुलून कातळ जांभळा होतो. फक्त चपला पकडीच्या घाला. शेवाळावर मी स्वतः दोनदा आपटलेय.

रेल्वेने येत असाल तर स्टेशन शहराबाहेर आहे, कुवारबावपाशी. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा, आणि छत्री बॅगेच्या तळाशी ठेवू नका.