लकव्याच्या पेशंटचा आणि घरच्यांचा गट चालवायचाय? मग हे वाचा

जागा तळमजल्यावर, खुर्च्या हातवाल्या, संडास जवळ, महिन्याचा वार ठरलेला, आणि एप्रिल-मेमध्ये बैठक सकाळीच, जळगाव-भुसावळच्या उन्हात दुपारी पेशंटला कोणी बाहेर काढत नाही. फिजिओथेरपीवाल्यांना आणि आशाताईंना सांगून ठेवा, माणसं तिथूनच येतात. तुम्ही डॉक्टर नसलात तरी चालतं.

आता खरं अवघड काम, मला सगळ्यात जड गेलं ते हेच. तुम्ही विचारता "काका, कसं चाललंय?" आणि उत्तर देतात शेजारी बसलेल्या काकू, म्हणजे त्यांची बायको. प्रेमानेच देतात हो, पण काका गप्प ते गप्पच राहतात. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला असेल तर उजवी बाजू आणि सोबत बऱ्याचदा वाचाही जाते, पण वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही, बऱ्याच जणांना सगळं कळत असतं फक्त शब्द सापडत नाही. म्हणून काकूंना बैठकीआधीच बाजूला घेऊन सांगा, आज त्यांच्या वतीने बोलायचं नाही. मग काकांना हो-नाहीचा सोपा प्रश्न विचारा आणि थांबा, मनात दहापर्यंत मोजा, वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. बोटाने दाखवलं, पाटीवर काढलं, अहिराणीत बोलले, सगळं चालतं. "मोठ्याने बोला म्हणजे कळेल" हा सल्ला तर कृपा करून कोणाला देऊ नका, माणूस बहिरा झालेला नाही!

मध्येच कोणी रडायला लागलं तर घाबरू नका, लकव्यानंतर काहींना रडू-हसू आवरतच नाही, ती मेंदूच्या इजेची खूण असते. पण जगणं नको वाटतं असं कोणी बोललं तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 पण द्या.

काकूंना शेवटी अर्धा तास वेगळं बसवाच, नवऱ्यासमोर ती बाई थकले म्हणणार नाही.

लकव्यावर लेप लावून देणाऱ्या लेपवाल्याचा पत्ता कोणीतरी आणेलच. भांडू नका, पण बीपीची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही हे दर बैठकीत सांगा. आणि कोणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तर लगेच 108, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे आधी लेपवाल्याकडे न्यायचं नाही.