विज्ञान शाखेतील दलित-आदिवासी विद्यार्थिनींचा अभ्यासगट कसा चालवावा

अमेरिकेतील बर्कली येथे १९७०च्या दशकात युरी ट्राइसमन या गणितज्ञाला असे आढळले की, कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनतीत कमी नव्हते, तर एकेकटे अभ्यास करीत होते. त्याने उजळणीवर्ग न काढता अधिक अवघड गणिते गटाने सोडवून घेतली आणि त्यांचे निकाल सुधारले. कामठी, उमरेडहून नागपूरला येणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच बी.एस्सी.ला पोहोचलेल्या मुलींसाठी अभ्यासगट काढणाऱ्या प्राध्यापकांनीही हेच धोरण ठेवावे. ‘कच्च्या’ मुलींचा वर्ग असे त्याचे रूप मुळीच होऊ देऊ नये.

सूचनेत जातीचा किंवा शिष्यवृत्तीच्या यादीचा उल्लेख नसावा. गट सर्वांना खुला ठेवून, ज्या मुली आपणहून येणार नाहीत त्यांना नावाने बोलवावे. सहा-आठ जणी पुरेत. वेळ कॉलेजच्या तासांतच ठेवावी, कारण संध्याकाळी बसची काळजी असलेली मुलगी सर्वांत आधी गळते.

खरे लक्ष प्रयोगशाळेकडे द्यावे. टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबथेंब सोडून प्रमाण मोजण्याचा प्रयोग, चालू असताना ब्युरेटची (खुणा असलेल्या काचनळीची) तोटी कोणाच्या हाती आहे ते पाहावे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी पुष्कळदा बाजूला उभी राहून केवळ रीडिंग उतरवून घेत असते. फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा फिका गुलाबी रंग शेवटच्या एका थेंबाने येतो आणि हात जरा सैल सुटला की गडद होतो, हे स्वतः तोटी फिरवल्याशिवाय कळत नाही. म्हणून गटात दर खेपेस उपकरण हाताळणारी बदलावी आणि चर्चा मोकळेपणाने मराठीत होऊ द्यावी; उत्तर मात्र इंग्रजीत लिहून घ्यावे.

मार्गदर्शक म्हणून त्याच वाटेने आलेली एम.एस्सी.ची विद्यार्थिनी नेमावी. तिला फुकट राबवणे अन्यायाचे आहे. कॉलेजात ‘कमवा व शिका’ योजना असेल तर त्यातून मानधन द्यावे.

पालकांना पहिल्याच महिन्यात बोलवावे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपुरातच दलित महिला परिषदेत सांगितले होते. येथील आईवडिलांना शिक्षणाचे मोल पटवावे लागत नाही. त्यांना हवी असते नेमकी माहिती: महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती, आयआयटीत एम.एस्सी.साठीची जॅम परीक्षा व तिच्या शुल्कातील सवलत, नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) किंवा केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत प्रकल्पासाठी करावयाची विचारणा. जॅमचे अर्ज साधारणपणे सप्टेंबरात सुरू होतात आणि जातीचा दाखला विहित नमुन्यातच लागतो, म्हणून तो जुलैतच काढायला लावावा व अर्ज गटात एकत्र बसून भरावेत.