जिरेनियम आणण्याआधी

पहिली गोष्ट रोपाची नाही, जागेची. मे महिन्यात वळीव आला की कुंडी कुठे सरकवणार, ते आत्ताच ठरवा. डोक्यावर छप्पर हवं, पण उजेड आणि वाराही हवा. जिन्याखालचा अंधारा कोपरा चालणार नाही. आमच्या पुण्यात सगळे मृगावर भरवसा ठेवतात, ७ जूनला बघू म्हणतात. मीही तेच म्हटलं होतं. वळीव एका संध्याकाळी आला आणि आठवड्याभरात सगळे देठ बुडाशी काळे पडले. तेव्हा जागा आधी, रोप मागून.

कुंडी मातीची, सहा ते आठ इंची, खालचं भोक मोकळं. खाली बशी नको. फरशीवर डाग पडतात म्हणून घरातले कुरकुरतील, कुरकुरू द्या. लाल माती, जुनं शेणखत आणि भरपूर जाड वाळू किंवा परलाइट, म्हणजे ते पांढरे हलके खडे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मूठभरच, कारण ते पाणी धरून ठेवतं. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, जाड देठात आपलं पाणी राखून असणारं. मुळं सतत ओली राहिली की कुजलंच. नर्सरीतलं रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं, वरून कोरडं दिसतं आणि आत गच्च ओलं. कुंडी बदलताना ते हलक्या हाताने झाडून टाका.

रोप नोव्हेंबर-डिसेंबरात घ्या. गुच्छ बघून भाळू नका, बूड बघा: देठ कडक हवेत. पानावर गडद वलय असलेला झोनल प्रकार घ्या. रीगल हा दुसरा प्रकार देखणा खरा, पण त्याला कळ्या धरायला थंडी लागते. आपल्याकडे उन्हाळा लागला की त्याची फुलं आटोपली.

पाणी वरची इंचभर माती सुकल्यावरच. रोज सकाळी झारी घेऊन फिरण्याची सवय असेल तर ही कुंडी वाटेत ठेवूच नका. थंडीत पाच-सहा तास ऊन, मार्चपासून फक्त सकाळचं. आणि ते छप्पर? ठरलं का? एप्रिल संपायच्या आत कुंडी तिथे गेली पाहिजे. ढग आल्यावर नाही, आधी. त्या दिवशी तुम्ही घरी नसता.

फेब्रुवारीत दोन-चार फांद्या काढून ठेवा, मूळ झाड गेलं तरी वाण राहतो. तीन-चार इंचांची फांदी पेराच्या खाली कापा, खालची पानं आणि कळ्या काढा, अर्धा दिवस सावलीत सुकू द्या, मग ओलसर वाळूत खोचा. वरून प्लास्टिकची पिशवी घालू नका, सडते. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

खत बेताचं, युरिया दिलात तर नुसती पानं. सुकलेला गुच्छ देठासकट बुडातून मोडायचा. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाचं पाणी. पावसाळाभर पाणी अगदी जेमतेम. ऑक्टोबरात निम्मी छाटणी, की झालं.