घडीचं यंत्र एकदाच हलून थांबतंय? नायटिनॉल तारेच्या या चुका टाळा

कागदाची किंवा प्लॅस्टिकची घडी विजेवर मिटवायची, तर मोटरपेक्षा नायटिनॉलची (निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची) तार कितीतरी हलकी. तापली की आखडते आणि घडी ओढते. पण पहिलं यंत्र अनेकदा एकदाच हलतं. नवी तार मागवण्याआधी बघा, तिला परत ताणणारं काही बसवलंय का? थंड झाली तरी ती आपणहून पूर्ण लांब होत नाही. उलट बाजूला बारीक स्प्रिंग किंवा स्टीलची लवचिक पट्टी हवीच.

तारा सर्वाधिक बिघडतात त्या करंटच्या हिशेबात. ०.१५ मिमी तारेला साधारण ४१० मिलिअँपिअर पुरतात. तिचा रोध मीटरला ५५ ओहम, म्हणजे १० सेंमी तुकड्याचा ५.५ ओहम. थेट ५ व्होल्ट जोडले की ९०० मिलिअँपिअर वाहतात. मग सरासरी जुळावी म्हणून पीडब्ल्यूएम (करंट झपाट्याने चालू-बंद करण्याची पद्धत) ४५ टक्के चालू वेळेवर ठेवला जातो, आणि इथेच घात होतो. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून बरोबर आकडा २० टक्के. अर्डुइनोत (छोट्या कंट्रोलर बोर्डात) २५५ पैकी ५२च्या आसपास. हा करंट पिनमधून थेट घेऊ नका, तिची सुरक्षित मर्यादा २० मिलिअँपिअर आहे. मध्ये लॉजिक लेव्हल मॉस्फेट, म्हणजे पिनच्या व्होल्टेजवरच चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, टाका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सहज मिळतो.

सोल्डरचा नाद सोडा. तारेवरच्या ऑक्साइडमुळे तो नीट धरत नाही. टोकं क्रिम्पच करा, म्हणजे धातूच्या बारीक नळीत घालून दाबून बसवा.

ओएचपी शीट (प्रोजेक्टरसाठीची पारदर्शक प्लॅस्टिक शीट) वापरणाऱ्यांची घडी हळूहळू वाकडी होते. तार प्रकारानुसार ७० किंवा ९० अंश सेल्सिअसला आखडते आणि त्याच सुमारास शीटही मऊ पडते. तारेखाली कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी टेप) लावा.

आता तारेची जागा. माझ्या मते याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. १० सेंमी तार ४ टक्के, म्हणजे ४ मिमी आखडते. घडीच्या रेषेपासून ती ३ मिमी उंच धरली तर सुमारे ७५ अंश वळण मिळतं, १० मिमीवर जेमतेम २३. उंची वाढली की जोर वाढतो, कोन घटतो. रेषेवरच चिकटवलेली तार घडीला वळवूच शकत नाही. आधी हवा तो कोन ठरवा, मग उंची.

जोर कमी पडला म्हणून जाड तार घेऊ नका, ती सावकाश थंड होते. दोन बारीक तारा शेजारी-शेजारी लावा.